सूचना : वाहतूक व नियोजनाचा प्राधान्यक्रम ठरवण्याबाबत

सर्व सभासदांना नमस्कार.

मागच्या बैठकीतल्या यादीत प्रत्येक मागणी 'तातडीची' होती. अशी यादी वरच्या कार्यालयात कोणी वाचत नाही, हे आपण पाहिलंच आहे. म्हणून पुढच्या मासिक बैठकीला येताना प्रत्येकाने तीनच मागण्या क्रम लावून लिहून आणाव्यात.

'रस्ता खराब आहे' एवढ्याने भागणार नाही. मोरीवर पाणी चढलं की किती मुलांची शाळा बुडते, ते लिहा. अंतर मिनिटांत लिहा, तेही स्वतः चालून. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतला निर्देशक 9.1.1 बारमाही रस्त्यापासून 2 किलोमीटरच्या आत किती ग्रामीण लोक राहतात ते मोजतो. धडधाकट माणसाला ती 20-25 मिनिटांची चाल. तापलेलं मूल कडेवर असलेल्या आईला विचारून बघा.

बसची फेरी वाढवण्याआधी वेळ तपासा. दवाखाना बंद झाल्यावर पोचणारी गाडी काय कामाची?

नवी घरं कुठे होणार, तेही याच यादीत घ्यायचं आहे. वस्ती आधी आणि थांबा मागाहून असं झालं की लोक दुचाकी घेतात, मग 'प्रवासी नाहीत' म्हणून फेरी बंद होते.

ज्यांच्याकडे वाहन नाही, ते बहुधा बैठकीलाही पोचत नाहीत. त्यांच्या मागण्या शेजाऱ्यांनी लिहून आणाव्यात. त्या तीनच्या मर्यादेत धरणार नाही.

– चिटणीस