पांढरा डोंगर, आणि राहून गेलेली करवत

प्रिय मन्या,

फोनवर नुसतं "भारी झाली ट्रिप" म्हणालो आणि ठेवून दिला, कारण तुला एक गोष्ट कबूल करायची होती आणि ती तोंडाने काही जमेना. ती येईलच खाली, आधी बाकीचं वाच.

तुर्कस्तानात देनिझली शहराजवळ पामुक्कले आहे. पामुक म्हणजे कापूस आणि कले म्हणजे किल्ला, आपला 'किल्ला' आणि त्यांचं 'कले' एकाच अरबी शब्दाची पोरं. मी एका दिवसाची गाईडवाली टूर घेतली, सकाळी व्हॅन हॉटेलवर येते, संध्याकाळी आणून सोडते. लांबून डोंगर दिसला तेव्हा शपथ सांगतो, बर्फच वाटला, आणि इकडे ऊन असलं की टोपीतून डोकं शिजतंय.

वर चढताना चपला हातात घ्यायला लावतात. मला वाटलं होतं सटासट घसरणार, तर उलटंच, बारीक बारीक वळ्यावळ्यांचा खरखरीत दगड, तळव्यांना चांगलाच बोचतो, आणि जिथे पाणी साचलंय तिथे खाली पांढरा मऊ चिखल. पाणी कोमट, साधारण ३५ अंश. आता हे होतं कसं, तर बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरे क्षार धरतात ना, तेच, फक्त हजारो वर्षं आणि सगळ्या डोंगरावर. जमिनीखालून येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम आणि कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, पाणी उघड्यावर आलं की गॅस उडून जातो आणि चुना मागे राहतो, आधी जेलीसारखा आणि मग दगड. त्या दगडाला ट्रॅव्हर्टाइन म्हणतात. हा गॅस लक्षात ठेव, पुढे परत येणारे.

फोटोंवर जाऊ नकोस पण. निम्मी कुंडं कोरडी होती. पूर्वी लोकांनी थेट वरतीच हॉटेलं बांधलेली, गरम पाणी त्यांच्या स्विमिंग पूलमध्ये जायचं आणि डोंगर काळवंडत चाललेला. १९८८ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आलं, नंतर ती हॉटेलं पाडली, आणि आता पाणी पाळीपाळीने सोडतात म्हणजे सगळीकडचा पांढरेपणा टिकतो. आमच्या दिवशी पाळी दुसऱ्या बाजूची होती, आपलं नशीब!

डोंगराच्या डोक्यावर हिएरापोलिस, इ.स.पू. दुसऱ्या शतकातलं शहर, पेर्गामोनच्या राजांनी वसवलेलं आणि नंतर रोमन. थिएटर जबरदस्त आहे पण माझा पाय अडकला तो प्लुटोनियमपाशी, म्हणजे पाताळाचं दार. दगडी छोटीशी कमान, आत भेग, आणि भेगेतून येतो तोच कार्बन डायऑक्साइड! हवेपेक्षा जड, म्हणून जमिनीलगत साचून राहतो, रात्रभर वारा-ऊन नसलं की पहाटे सगळ्यात दाट. पुजारी बैल आत न्यायचे, बैल धाडकन कोसळायचा आणि पुजारी मात्र हसत बाहेर. लोक म्हणायचे देवाची कृपा. स्ट्राबो नावाच्या जुन्या ग्रीक भूगोलकाराने तर स्वतः चिमण्या आत सोडून बघितल्या, मेल्या, तसं लिहून ठेवलंय त्याने. आमची गाईडबाई हुशार, तिने एकाला वाकायला लावलं आणि म्हणाली, हा बैल, नाक खाली, आणि मी पुजारी, नाक वर, श्वास धरलेला. बास, एवढाच चमत्कार. आता कठडा आहे, जवळ जाऊ देत नाहीत, पण हल्लीच्या खोदकामातसुद्धा तिथे पक्षी मेले म्हणे. जो गॅस उडून गेल्यामुळे इकडे अख्खा डोंगर पांढरा झालाय तोच तिकडे न उडता साचला की जीव घेतो, हे डोक्यात बसल्यावर मी दहा मिनिटं नुसता उभा होतो आणि व्हॅनवाला हॉर्न वाजवत होता.

क्लिओपात्राचा पूल म्हणून एक आहे, पडलेल्या खांबांमध्ये पोहायचं. ते खांब पडले सातव्या शतकातल्या भूकंपात, म्हणजे बाई जाऊन सहाशेच्या वर वर्षं झाल्यावर, तरी नाव तिचंच. गर्दी बघून मी नाही उतरलो.

आता कबुली. टूरवाल्यांनी आम्हाला दीड तास ऑनिक्सच्या दुकानात बसवून ठेवलं, हा दगड बघा, ती फुलदाणी बघा, आणि उत्तरेकडच्या दफनभूमीला दिली वीस मिनिटं. अरे तिथे हजाराच्या वर थडगी आहेत! मी पळत पळत फ्लावियस झ्यूक्सिसचं बघितलं, हा व्यापारी, ग्रीसच्या मालेया भूशिराला वळसा घालून ७२ वेळा इटलीला जाऊन आला आणि ते थडग्यावर कोरून ठेवलं, मला माणूस फार आवडला. रात्री हॉटेलवर वाचत बसलो तेव्हा कळलं की त्याच दफनभूमीत तिसऱ्या शतकातल्या एका गिरणीवाल्याच्या शवपेटीवर दगड कापायची पाण्यावर चालणारी करवत कोरलीय, चाक, क्रँक आणि कनेक्टिंग रॉडसकट, म्हणजे चाकाचं गोल फिरणं करवतीच्या पुढेमागे होण्यात बदलणारी जोडी! असं यंत्र दाखवणारं सगळ्यात जुनं चित्र हेच मानतात. तुझा क्रँक, मन्या, गॅरेजमध्ये ज्याच्यावर तू मला तासभर लेक्चर दिलेलंस. आणि मी बहुतेक त्याच्या शेजारून पळालो, एक फोटो नाही काढला.

म्हणून म्हणतो परत जाऊ, दोघं, टूर न घेता. सकाळी दार उघडायच्या आधी उत्तर गेटला उभं राहायचं, आधी तुझी करवत, मग पुजारी, आणि ऊन उतरल्यावर पांढरा डोंगर. पायाला बोचतं, तेव्हा बूट-मोजे ठेवायला पिशवी आण, मला दिवसभर हातात धरून फिरावं लागलं. सुट्टी कधी टाकतोयस ते कळव.

तुझाच,
सुऱ्या

ता.क. ऑनिक्सची फुलदाणी घेतलीय. काही बोलू नकोस.