घरी बांधलेले विमान आणि पंपावरचे पेट्रोल

महोदय,

कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत इमारतीच्या गच्चीवर बांधलेल्या विमानाला २०१७ मध्ये नोंदणी मिळाली आणि स्वतः विमान बांधता येते ही गोष्ट घरोघरी पोचली. पण अशा विमानांची चर्चा पंख आणि इंजिनाशीच थांबते. टाकीत काय ओतायचे, हे कोणी विचारत नाही. ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल, सर्वत्र आल्यापासून लहान अल्ट्रालाइटच्या, म्हणजे अगदी हलक्या विमानाच्या, मालकाला खरी काळजी त्याचीच आहे.

रोटॅक्स कंपनीच्या ५८२ सारख्या टू-स्ट्रोक विमान-इंजिनाला कार्ब्युरेटर, म्हणजे हवा आणि इंधन मिसळणारा भाग, असतो. नव्या गाड्यांप्रमाणे इंधन आपोआप कमी-जास्त करणारा सेन्सर त्यात नसतो. शुद्ध पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. कार्ब्युरेटरमधले जेट, म्हणजे इंधन सोडणारे बारीक छिद्र, तेच ठेवून ई-२० भरले की मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते, एक्झॉस्टचे तापमान चढते आणि पिस्टन जाम होऊ शकतो. ५८२ साठी ६५० अंश सेल्सिअस ही कमाल मर्यादा आहे. पूर्ण थ्रॉटलइतकीच उतरतानाही तापमापकावर नजर हवी. कारण प्रॉपेलरवरचा भार तेव्हा कमी असतो आणि मधल्या थ्रॉटलवर मिश्रण मुख्य जेट नव्हे, कार्ब्युरेटरमधली सुई ठरवते. जेट बदलून ई-२० चालवावे असे सुचवणारे भेटतात. पण पुढच्या पंपावर टक्केवारी वेगळी निघाली की सगळी जुळणी बिघडते. रोटॅक्सची मान्यता १० टक्के इथेनॉलपर्यंतच आहे.

पावसाळ्यात याहून वाईट घडते. टाकीच्या श्वासनळीतून दमट हवा आत जाते, इथेनॉल पाणी ओढून घेते आणि मर्यादा ओलांडली की दोन्ही मिळून तळाशी बसतात. इंधनाची नळीही तळाशीच असते. ५० ला १ या प्रमाणात, म्हणजे २० लिटरला ४०० मिलिलिटर, वंगणासाठी मिसळलेले तेल मात्र वरच्या पेट्रोलमध्ये राहते. म्हणजे इंजिनाला तेल नसलेला पाणचट द्रव मिळतो. म्हणून दोन-तीन आठवडे उड्डाण नसेल तर टाकी आणि कार्ब्युरेटरचे वाडगे रिकामे करावेत. पॉलिएस्टर रेझिनची फायबरग्लास टाकी इथेनॉलने मऊ पडते, इंजिनाच्या इंधनपंपाचा रबरी पडदा फुगतो आणि जुन्या नळ्यांचे कण जेटमध्ये अडकतात.

इथेनॉल ओळखायला १०० मिलिलिटरची मोजनळी पुरते. तीत १० मिलिलिटर पाणी आणि ९० मिलिलिटर पेट्रोल घाला, तोंड बंद करून हलवा, वाफ सोडा आणि दहा मिनिटे ठेवा. खालचा थर १० वरच राहिला तर इथेनॉल नाही. १९ च्या आसपास गेला तर ई-१०, २८ च्या आसपास गेला तर ई-२०. परीक्षा तेल मिसळण्यापूर्वी आणि प्रत्येक खेपेला करावी, महागडे १०० ऑक्टेनचे पेट्रोल घेतले तरीही. पाण्याने इथेनॉल धुऊन काढून तेच पेट्रोल वापरू नये, कारण इथेनॉलबरोबर ऑक्टेनही, म्हणजे इंजिनातली ठोक टाळण्याची पेट्रोलची क्षमताही, कमी होते.

एव्हगॅसमध्ये, म्हणजे विमानांच्या खास पेट्रोलमध्ये, इथेनॉल नसते. इंडियन ऑइल २०२२ पासून ते गुजरात रिफायनरीत बनवते. त्यातले शिसे प्लगवर आणि रिंगच्या खाचांत साठते, म्हणून टू-स्ट्रोकची सफाई लवकर करावी लागते आणि फोर-स्ट्रोक रोटॅक्स ९१२ चे तेल २५ तासांनी बदलावे लागते. तरीही ई-२० पेक्षा हा त्रास पत्करणे बरे.

तेल कंपन्यांनी दोन गोष्टी कराव्यात. प्रत्येक नोझलवर इथेनॉलची नेमकी टक्केवारी ठळक लिहावी आणि एव्हगॅस २० लिटरच्या सीलबंद डब्यांतूनही विकावे.

आपला,
एक विमानबांधणी हौशी, पुणे