गालाला हात लावून विचारलंत, म्हणून

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

पहिल्या भेटीत माझा चेहरा नीट बघण्याआधीच तुम्ही विचारलंत, “आग होते का?” त्याआधीच्या चार वर्षांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. “कुठे काय दिसतंय?” एवढंच सगळे म्हणायचे. आणि आरशात खरंच फारसं काही दिसत नसे. माझा रंग सावळा. गोऱ्या गालावर लाली उठून दिसते, माझे गाल मात्र नुसते काळवंडल्यासारखे, तपकिरी वाटायचे. आतून भाजल्यासारखं होत असे, साधं पाणी लागलं तरी चुणचुणायचं. जे दुसऱ्याला दिसत नाही ते सांगत राहण्याची पुढेपुढे लाज वाटू लागली. मी सांगणंच सोडून दिलं होतं.

तुम्ही हाताची मागची बाजू माझ्या गालाला लावलीत. काचेची पट्टी दाबून रंग कसा उतरतो ते पाहिलंत. मग डर्मोस्कोपमधून, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगातून, दिसणारी बारीक रक्तवाहिन्यांची जाळी मला स्क्रीनवर दाखवलीत आणि म्हणालात, “हा रोझेशिया आहे, चेहऱ्याच्या त्वचेचा दीर्घकाळ चालणारा दाह. सावळ्या त्वचेत तो पटकन ओळखू येत नाही, म्हणून निदानाला उशीर होतो.” त्या क्षणी मला रडू आलं. आजाराचं नाव कळलं म्हणून नाही, कुणीतरी खरं मानलं म्हणून.

मी पुटकुळ्यांना मुरुम समजून बसले होते. यात ब्लॅकहेड्स नसतात, हा फरक तुम्ही दाखवलात. कुणाच्या तरी सांगण्यावरून लावत असलेलं मलम मी पर्समधून काढलं, त्यात स्टेरॉइड होतं. लावलं की दोन दिवस बरं वाटायचं आणि मग चेहरा पहिल्यापेक्षा जास्त भडकायचा. तुम्ही एका शब्दानंही रागावला नाहीत. “हे थांबवल्यावर सुरुवातीचे काही आठवडे त्रास वाढेल, तेव्हा घाबरून पुन्हा लावू नका, मला फोन करा,” म्हणालात. अकराव्या दिवशी संध्याकाळी मी फोन केला. तुम्ही उचललात. तो फोन उचलला गेला नसता तर मी त्या रात्री ते मलम नक्की लावलं असतं.

डेमोडेक्स या सूक्ष्म किड्याबद्दल ऐकलं तेव्हा मी शरमून गेले होते. बहुतेक मोठ्या माणसांच्या त्वचेवर तो असतोच, रोझेशियात त्याची संख्या वाढलेली आढळते, अस्वच्छतेशी याचा संबंध नाही, हे तुम्ही दोनदा सांगितलंत. दुसऱ्यांदा तर मी न विचारताच! घासघासून तोंड धुणं मी त्याच दिवशी बंद केलं. रात्री १ टक्क्याचं आयव्हरमेक्टिनचं मलम, दिवसा झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन, सौम्य क्लीन्सर आणि साधं मॉइश्चरायझर, बस. “१२ आठवडे थांबा, रोज आरशात हिशोब करू नका,” हे तुमचं वाक्य मी कपाटाच्या दारावर चिकटवलं होतं. दहाव्या आठवड्यात पुटकुळ्या ओसरल्या.

डोळ्यांचं तर मी तुम्हाला सांगितलंही नव्हतं. वाळू गेल्यासारखे खुपायचे, पापण्यांच्या कडा सुजायच्या, रांजणवाडी वरचेवर व्हायची. त्याचा गालांशी संबंध असेल असं कुणाला सुचेल? तुम्ही विचारलंत आणि लगेच नेत्रतज्ज्ञांकडे पाठवलंत, कारण दुर्लक्ष केलं तर बुबुळाच्या पारदर्शक पडद्यालाही इजा होऊ शकते. कमी मात्रेतलं डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक इथे जंतू मारायला नसून दाह कमी करायला आहे, हेही समजावलंत. गालांना उष्णता नको, पण मिटलेल्या पापण्यांना कोमट शेक हवा, याची मला गंमत वाटली. आता हात आपोआप तसंच करतो.

आणि ती नोंदवही! ऊन, गरम पेयं, तिखट, मद्य, ताण, दमवणारा व्यायाम अशी आजार भडकवणाऱ्या गोष्टींची भलीमोठी यादी वाचून मी सगळंच सोडायला निघाले होते. तुम्ही थांबवलंत. “यादी सगळ्यांची आहे, तुमचं काय ते तुम्ही शोधा.” काय केल्यावर चेहरा भडकतो ते दोन महिने वहीत लिहिल्यावर कळलं की तिखटाने मला काही होत नाही. चेहरा पेटतो तो उन्हाने आणि शेगडीच्या धगीने. चहाही सोडावा लागला नाही, जरा निवू देते इतकंच. ज्याने कधी असा आजार भोगला नाही त्याला ही बाब किरकोळ वाटेल. मला माझं जेवण परत मिळालं.

हा आजार मुळापासून जात नाही, आटोक्यात राहतो, हे तुम्ही पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलंत. तेव्हा कडू वाटलं होतं. पण त्यामुळेच मधे एकदा पुन्हा भडका उडाला तेव्हा मी खचले नाही, औषध फसलं असंही वाटलं नाही. वहीत तारीख टाकली, सावलीत बसले, तुम्ही दिलेलं मलम चालू ठेवलं.

तुमचे आभार मानायला मला एवढे दिवस लागले, त्याबद्दल क्षमा असावी. पुढच्या भेटीला वही घेऊन येते आहे. नाकाजवळच्या दोन बारीक शिरा अजून तशाच आहेत. त्या मलमाने जाणार नाहीत, लेझर लागेल असं तुम्ही म्हणाला होतात. त्याबद्दल आता विचारायचं आहे.

आपली कृतज्ञ,
एक रुग्ण