थर्माकोलच्या किल्ल्यावर स्प्रे मारायला सांगू नका

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत दिवाळीच्या किल्ल्यांवर पानभर मजकूर आलाय, फोटो एक नंबर, आमच्या गल्लीतल्या पोरांनी तर ते पान कापून भिंतीला चिकटवलंय. पण त्यातल्या एका चौकटीत असं छापलंय की थर्माकोलचे तट-बुरूज कापून घ्या, वरनं काळा नाहीतर राखाडी स्प्रे मारा, आणि मावळ्यांवरही आधी तोच स्प्रे मारून घ्या म्हणजे वरचा रंग चांगला बसतो. यातलं मावळ्यांचं अर्धं बरोबर आहे, थर्माकोलचं साफ चुकीचं. मी साताऱ्यात गाड्यांच्या पेंटच्या दुकानात काउंटरला असतो आणि घरी इंच-सव्वा इंचाची माणसं रंगवायचा नाद आहे, त्यामुळं हे कॅन विकतोही आणि वापरतोही. पत्र जरा लांबलंय, कापायचं तर कापा, पण थर्माकोलचं तेवढं छापा.

थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन नावाचं प्लास्टिकच, फक्त फुगवलेलं, आत बहुतेक सगळी हवा. आणि स्प्रेच्या कॅनमध्ये रंग पातळ ठेवायला जो थिनर असतो, अॅसिटोन, टोल्युइन, झायलीन असल्या जातीचा, तो पॉलिस्टायरीन विरघळवतो. बाहेरून रंग बसलाय असं वाटतं तोवर बुरुजाला खड्डे पडायला लागतात, कडा आत जातात, आणि पोरगं घाबरून अजून जवळून मारतं. परत सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ पासून आपल्या राज्यात बंदी आहे हे तुमच्याच पेपरात वाचलेलं, मग पुरवणीत ते कसं काय सुचवलं हा प्रश्न वेगळाच. आता टीव्हीच्या खोक्यातलं घरात पडलेलंच आहे आणि तेच वापरायचंय म्हणलं तर आधी पाणी घातलेला फेविकॉल नाहीतर भिंतीचा डिस्टेंपर ब्रशने दोनदा लावा, पूर्ण वाळू द्या, मग लांबून हलका स्प्रे, तरी टाचणीएवढी जागा उघडी राहिली की तिथनं थिनर आत शिरतोच. माझं मत विचाराल तर किल्ल्याला दगड-माती, विटा, मातीत बुडवलेलं पोतं आणि गेरू एवढं असताना स्प्रेची गरजच नाही. स्प्रे लागतो तो माणसांना.

तर माणसांकडं येतो. दिवाळीच्या आधी दुकानात रोजचं चित्र, आई आणि पोरगा येतात, आई म्हणते दादा एक काळा स्प्रे द्या. मी विचारतो कशावर मारायचाय ताई, तर म्हणतात किल्ल्याची माणसं आहेत हो साधी, कुठला पण द्या. मग पोराच्या पिशवीतनं माणसं काउंटरवर ओततो आणि बघतो तर त्यात चार जातीची निघतात, भाजक्या मातीचा मावळा, प्लास्टरचा हत्ती, वाकवला की वाकणारे मऊ प्लास्टिकचे सैनिक आणि एखाद्याच्या मामानं थ्रीडी प्रिंटरवर काढून दिलेली तोफ. या चारींना एकच कॅन चालत नाही. लोक रंग बघून कॅन उचलतात, टोपण काळं म्हणजे आत काळा, झालं. बघायचं असतं ते वस्तू कशाची आहे आणि वरून पुढं काय लावणार आहात.

माती आणि प्लास्टर रंग पितात. त्यांना राखाडी किंवा पांढरा प्रायमर, म्हणजे रंगाच्या खालचा पहिला हात, हलक्या हातानं दोन-तीनदा मारला की पिणं थांबतं, मात्र आत ओल राहिली असेल तर महिनाभरात पोपडे सुटणार, म्हणून आधी उन्हात चांगलं वाळवायचं. बाजारातले मावळे बहुतेक आधीच ऑइलपेंटनं रंगवलेले असतात, त्याच्यावर थेट लॅकर जातीचा, म्हणजे कडक थिनरचा झटकन वाळणारा स्प्रे मारला तर खालचा रंग उचलला जाऊन सुरकुततो, म्हणून पायाखालच्या बाजूला थोडा मारून बघायचा आणि मगच पुढं. मऊ सैनिक मात्र भलतेच नाठाळ. ते बऱ्याचदा पॉलिथिनचे असतात आणि पॉलिथिनला कुठलाच रंग धरत नाही, वाळतो, दिसतो छान, आणि भाला जरा वाकला की सालपटं निघतात. यावर इलाज गाडीच्या धंद्यातच आहे, गाडीचा बंपर पॉलिप्रॉपिलीनचा असतो, त्याची पण हीच खोड, म्हणून बंपर रंगवायच्या आधी प्लास्टिक प्रायमर म्हणून एक पारदर्शक हात मारतात, तोच सैनिकांना मारायचा. आणि मऊ रबरासारखं पीव्हीसी असेल तर त्याच्यावर एनॅमलचा, म्हणजे ऑइलपेंट जातीचा स्प्रे मारूच नका, कित्येक दिवस बोटाला चिकटत राहतो, कारण ते प्लास्टिक मऊ ठेवायला घातलेलं तेल रंगात उतरतं. ओळखता येत नसेल तर माणूस तसाच राहू द्या, सगळ्यांना रंगवलंच पाहिजे असं कुठं आहे.

कडक प्लास्टिकचे जोडायचे किट असतात, जपानच्या टामिया कंपनीचे वगैरे, ते पण पॉलिस्टायरीनच, म्हणजे थर्माकोलचे भाऊबंदच. मग ते का विरघळत नाहीत असं पोरं विचारतात आणि प्रश्न बरोबर आहे. ते भरीव असतात आणि पातळ हात मारला की थिनर खाली मुरायच्या आत उडून जातो, उलट वरच्यावर जरासा चावतो म्हणून रंग पक्का धरतो. एका जागी ओला होईपर्यंत मारलं तर तिथले बारकावे जातातच, नाक-डोळे सपाट. रेझिनचे असतील तर आधी भांड्याच्या साबणानं जुन्या टूथब्रशनं धुवायचे, साच्यातनं सुटावं म्हणून लावलेलं तेल त्यावर असतं. मामाची ती तोफ प्लास्टिकची तार वितळवून थर रचणाऱ्या प्रिंटरवरची असेल तर तिच्यावर थरांच्या रेघा असतात, तिथं रेघा भरून काढणारा जाड फिलर प्रायमर कामाला येतो, पण तोच फिलर इंचभर मावळ्याच्या तोंडावर मारला तर मिशा बुजतात.

आता काळ्या रंगाचं एक सांगायलाच पाहिजे. गाड्यांच्या दुकानात जो मॅट ब्लॅक सगळ्यात जास्त खपतो तो सायलेंसरचा असतो, कॅनवर हीट रेझिस्टंट लिहिलेलं असतं. तो दिसायला अगदी हवा तसा, चमक नाही, काळाकुट्ट, आणि पोरं खूश होऊन तोच नेतात. पण तो पूर्ण पक्का होतो सायलेंसर तापल्यावर. मावळा काय तापणार नाही, म्हणून त्याच्यावर तो कच्चाच राहतो, हाताळला की बोटं काळी. दुसरं टोक म्हणजे ग्लॉस, टाकी-मडगार्डचा चकचकीत, त्याच्यावर पोरांचे पाण्यातले अॅक्रिलिक रंग थेंब थेंब होऊन ओघळतात, धरायला जागाच नसते. तुम्हाला पाहिजे तो साधा मॅट, आणि शक्य असेल तर प्रायमरच, राखाडी अॅक्रिलिक किंवा लॅकर जातीचा, गाडीच्या पेंटवाल्याकडं असतोच. एनॅमल लिहिलेला कॅन वाईट नाही पण वाळायला वेळ घेतो, दिवाळी दोन दिवसांवर आलेल्या पोराला तो देऊ नये असं मला वाटतं.

काही जण छोट्या माणसांसाठीच बनवलेल्या परदेशी ब्रँडच्या प्रायमरचं विचारतात, सिटाडेलचा केओस ब्लॅक, आर्मी पेंटर, जपानचा मिस्टर सरफेसर. चांगलेच आहेत, मिस्टर सरफेसर १५०० तर इतका बारीक बसतो की बोटाच्या नखाचे बारकावे राहतात. पण आपल्याकडं एकेक कॅन बराच महाग पडतो, शिवाय हे कॅन पेट घेणारे, कुरियरवाले विमानानं नेत नाहीत, रस्त्यानंच येणार, मग वाट बघत बसा. किल्ल्यांच्या स्पर्धेत ठेवायचा एखादा सरदार असेल, घोड्यावरचा, तर घ्या खुशाल. पन्नास मावळ्यांच्या फौजेला दोन-तीनशे रुपयांचा गाडीचा राखाडी प्रायमर पुरतो, त्याच्यात आणि याच्यात हातभर लांबून फरक दाखवा म्हणावं.

प्रायमरचा रंग कुठला, इथं मात्र प्रत्येकाचं वेगळं असतं, माझं सांगतो. मावळ्याचा अंगरखा पांढरा, झेंडा आणि फेटा भगवा, तर पांढरा प्रायमर घ्यावा, कारण भगवा-पिवळा काळ्यावर झाकला जात नाही, चार हात मारले तरी मळकाच दिसतो. काळा प्रायमर कुठं, तर तोफ, हत्ती, भाल्या-तलवारीवाले, म्हणजे काखेत-पोटाखाली ब्रश पोचला नाही तरी तिथं सावलीच वाटते. दोन्हीचा फायदा पाहिजे तर आधी सगळीकडनं काळा मारायचा, वाळला की डोक्याच्या बाजूनं तिरका फक्त वरनं पांढरा मारायचा, ऊन जिथं पडेल तिथं उजेड आणि घड्यांत अंधार राहतो, वरून पातळ रंग दिला की आपोआप छटा दिसतात. आणि बेसकोट, म्हणजे प्रायमरवरचा मुख्य रंग पण स्प्रेनंच मारायचा असेल तर अंगावर जो रंग जास्त तोच कॅन घ्यायचा, बाकी ब्रशनं. विटांचे बुरूज असतील आणि गेरू सापडला नाही तर रेड ऑक्साइडचा कॅन चालतो, आपल्या कास-यवतेश्वरकडच्या जांभ्याचा रंग तसाच आहे, पण अजिंक्यतारा करताय तर काळा-राखाडीच, तो काळ्या कातळाचा आहे.

हवेचं पण बघा, साताऱ्यात हे फार महत्त्वाचं. पावसाळी हवेत किंवा पहाटेच्या दवात लॅकर मारला तर पांढरट धुकं बसतं रंगावर, ते नंतर जात नाही. उलट ऑक्टोबरच्या भर उन्हात, गच्चीवर वारा सुटलेला असताना लांबून मारलं तर रंग हवेतच वाळून रव्यासारखा खरखरीत होऊन बसतो आणि मावळ्याचं तोंड पॉलिशपेपर होतं. सकाळी अकरानंतर, सावलीत, वारा नसताना. कॅन आतली गोळी वाजायला लागल्यावर पुढं मिनिट-दोन मिनिटं हलवायचा, बहुतेक लोक चारदा हलवून सुरू करतात आणि मग नुसता थिनर बाहेर येतो. वीतभर किंवा जरा जास्त अंतर, वीस ते तीस सेंटिमीटर, स्प्रे मावळ्याच्या अलीकडं सुरू करून पलीकडं जाऊन सोडायचा, बोट त्याच्यावर थांबवायचं नाही. काम झालं की कॅन उलटा करून नुसता गॅस येईपर्यंत दाबायचा, नाहीतर पुढच्या वेळी नोझल बंद आणि गिऱ्हाईक आमच्याशी भांडायला हजर.

एक गोष्ट तुमच्या चौकटीत असायलाच पाहिजे होती. या कॅनमध्ये रंग ढकलायला पूर्वी सीएफसी वायू असायचा, त्यानं ओझोनचा थर विरळ होतो म्हणून १९८७ चा मॉन्ट्रियल करार झाला आणि तो गेला, आता बहुतेक कॅनमध्ये एलपीजी जातीचाच गॅस असतो, म्हणजे स्वयंपाकाच्या सिलिंडरमधला. आणि पोरं हा कॅन वापरतात कधी, तर अंगणात पणत्या लावलेल्या, शेजारी कुणीतरी फुलबाजी पेटवतंय अशा वेळी. दिवेलागणीच्या आधीच स्प्रेचं काम उरकायला सांगा. बंद खोलीत नको, नाकाला रुमाल बांधून उपयोग नाही, वास येतोय म्हणजे वाफ आत जातीच आहे, उघड्यावरच मारा आणि लहान पोरांना लांब ठेवा. रिकामा झालेला कॅन कचऱ्याबरोबर पेटवायचा नाही, त्यात गॅस उरलेला असतो आणि तो फुटतो. वरून चमकदार संरक्षण म्हणून कोणी गाडीचा टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून कडक होणारा लॅकर सुचवला तर तो गॅरेजमध्येच राहू द्या, त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं फुफ्फुसाला घातक रसायन असतं, त्याला साधा मास्क चालत नाही. मावळ्यांना मॅट लॅकर पुरतो, तोही रंग पूर्ण वाळल्यावर.

तेव्हा येत्या रविवारी त्या चौकटीची दुरुस्ती छापावी, मोठी नको, एवढंच की थर्माकोलवर थेट स्प्रे मारू नये, सायलेंसरचा काळा मावळ्यांना वापरू नये, आणि पेटत्या दिव्याजवळ कॅन नेऊ नये. स्पर्धेची मंडळं पण पोरांना आताच साहित्य सांगतायत, दोन-तीन दिवसांत छापलं तर बरं होईल. आणि आमच्या दुकानदार मंडळींना एक विनंती, गिऱ्हाईक काळा मागतंय म्हणून समोरचा कॅन उचलून देऊ नका, पिशवीत काय आहे ते आधी बघा.

आपला,
एक वाचक, गोडोली, सातारा