मुक्तास, दौऱ्यावर निघण्यापूर्वी

प्रिय मुक्ता,

परवा फोनवर तुझी बॅग भरण्याची गडबड चालू होती आणि आई माझ्या शेजारी बसली होती, म्हणून मी फार ताणलं नाही. "डाव्या कानातली ती शिट्टी काही थांबत नाही बाबा, पण चालतंय," असं म्हणालीस आणि लगेच ऑर्केस्ट्राच्या दौऱ्याच्या गावांची नावं सांगायला लागलीस. चालतंय म्हणजे काय, हे विचारायचं राहून गेलं. फोनवर मला शब्द सुचत नाहीत, तेव्हा लिहितोय.

तू पाठवलेला ऑडिओग्रामचा, म्हणजे कानाच्या तपासणीच्या आलेखाचा, फोटो मोठा करून पाहिला. उजव्या कानाचे लाल गोल वरच्या बाजूला सरळ एका ओळीत चाललेत. डाव्याच्या निळ्या फुल्यासुद्धा 2000 हर्ट्झपर्यंत त्यांच्या सोबतीनं आहेत. मग 4000 ला फुली एकदम 35 डेसिबलपर्यंत खाली उतरते, म्हणजे तो सूर तेवढा मोठा केल्यावरच ऐकू येतो, आणि 8000 ला पुन्हा वर येते. हा खड्डा मला अनोळखी नाही. आमच्या कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये दरवर्षी सगळ्यांचे कान तपासायचे, तेव्हा जुन्या माणसांच्या कागदावर नेमका तिथंच असायचा. आवाजानं कान जायला लागला की आधी 3000 ते 6000 चा पट्टा जातो. बोलणं व्यवस्थित ऐकू येत असतं, त्यामुळं माणसाला पत्ताच लागत नाही. तुझ्या नावाच्या कागदावर तो खड्डा बघायची वेळ येईल, असं मात्र कधी मनात आलं नव्हतं.

तुमचा ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्या कंडक्टरांना सांगितलंस का?

तुमची नवी मांडणी झाली तेव्हा तूच सांगितलं होतंस की तुझी खुर्ची आता ट्रम्पेटच्या अगदी तोंडासमोर आलीय. हात पसरून अंतरही दाखवलं होतंस. तो तुझा हात माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. माझी अख्खी नोकरी मशीनच्या धडधडाटात गेली आणि तरी कान शाबूत राहिले, कारण तिथं कान झाकायला कुणी लाजत नव्हतं. दारातच पाटी होती. साहेब आला तरी कान झाकणारे मफ चढवल्याशिवाय आत पाऊल टाकत नसे. 85 डेसिबलला आठ तास, आणि पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. 88 ला चार तास, 91 ला दोन, 100 ला जेमतेम पंधरा मिनिटं. हे गणित मी झोपेतही सांगेन. ट्रम्पेट जोरात लागला की समोर बसलेल्याच्या कानाशी आवाज 100 च्या पुढं सहज जातो, आणि तुमची तालीम तीन तासांची. त्यात तुझं स्वतःचं व्हायोलिन डाव्या कानापासून वीतभर अंतरावर. कानातल्या पेशींना प्रेसचा आवाज कुठला आणि ब्राम्सच्या संगीताचा कुठला, हे कळत नाही ग. त्यांना फक्त किती आणि किती वेळ एवढंच कळतं.

लंडनच्या रॉयल ऑपेरा हाऊसमधल्या व्हायोलावादकाचं प्रकरण तुमच्यात कुणी बोलतं का? क्रिस्टोफर गोल्डशायडर. 2012 साली वाग्नरच्या एका ऑपेराच्या तालमीत त्यांची खुर्ची ब्रासच्या, म्हणजे ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांच्या, लगेच पुढं होती. आवाज 130 डेसिबलच्या वर गेला. त्यानंतर घरातले साधे आवाजही त्यांना सोसेनात आणि वाजवणं सुटलं. ते कोर्टात गेले. 2018 मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला आणि 2019 मध्ये अपिलातही टिकला. त्यांना इअरप्लग दिलेले होते, हे लक्षात घे. नुसते प्लग हातात ठेवले की जबाबदारी संपत नाही, असं कोर्टानं मानलं. तू कुणाशी भांडावंस म्हणून मी हे सांगत नाही. खुर्ची चार हात सरकवून मागणं हा नखरा नाही, एवढंच सांगायचंय. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो. बंद हॉलमध्ये तेवढा उतरणार नाही, पण मध्ये एक पारदर्शक पडदा उभा केला, ब्रासची रांग थोडी उंच चढवली, तरी फरक पडतो. हे सगळं तुमच्या मॅनेजरला माहीत असणार. कुणीतरी मागायला हवं.

तू का सांगत नाहीस, ते मला कळतं. ही खुर्ची तुला सहज मिळालेली नाही. कानाचं कळलं तर उद्या कुणीतरी म्हणेल, हिच्या सुराचा आता भरवसा नाही. विनयच्या वेळी लोक काय काय बोलले ते तू ऐकलंयस. पण तूच म्हणालीस ना, आमच्यात सगळ्यांच्याच कानात थोडंफार वाजतं? मग तुमच्या रांगेतला प्रत्येक जण आपलं एकट्याचंच आहे असं समजून गप्प बसलेला असेल. तू बोललीस तर तुझ्या मागचा मुलगाही बोलेल. बरं, आता हा विषय पुरे.

आपला जुना फ्रिज आठवतो? तुझं पहिलं अर्ध्या मापाचं व्हायोलिन आलं होतं त्या वर्षी. फ्रिज सुरू झाला की तू सराव थांबवायचीस, मान वाकडी करून ऐकायचीस, सगळ्यांत जाड, 'जी' सुराची तार छेडायचीस आणि मला हाक मारायचीस, "बाबा, फ्रिज जीपेक्षा जरासा वर आहे!" आई म्हणायची, कामं सोडून काय ते फ्रिजचं घेऊन बसलात दोघं. मी एकदा कागद घेऊन हिशेब मांडला. वीज 50 हर्ट्झची, तिची गुणगुण दुप्पट, म्हणजे 100. तुझ्या जाड तारेच्या खालच्या सप्तकातला जी 98. दोन हर्ट्झचा फरक, आणि तोही सप्तक ओलांडून. तो कागद मी प्रेस शॉपमध्ये नेऊन सगळ्यांना दाखवला होता. माझ्या आयुष्यात मी कुणाला काही दाखवायला नेलं असेल तर तो कागद.

म्हणून तू "चालतंय" म्हणालीस की माझ्या पोटात गोळा येतो. तुमच्या ऑडिओलॉजिस्टबाईंनी शिट्टीचा सूर जुळवून पाहिला तेव्हा तो त्या खड्ड्याच्याच आसपास निघाला, असं तू म्हणालीस. मी त्याबद्दल बरंच वाचलं. जन्मतः एका कानात आवाज टिपणाऱ्या सुमारे 15,000 केशपेशी असतात. पक्ष्यांमध्ये मेलेल्या केशपेशींच्या जागी नव्या येतात, माणसात येत नाहीत. ज्या पट्टीतून येणारा संदेश कमी होतो तिथं मेंदू आपला आवाज स्वतःच वाढवून घेतो आणि आपल्याला नसलेला सूर ऐकू येतो, असं त्याचं स्पष्टीकरण देतात. म्हणजे ही शिट्टी तुझ्या मनाचा खेळ नाही, आणि तुझं काही बिनसल्याची खूणही नाही. ती बंद करणारी गोळी अजून निघालेली नाही. कुणी विकत असेल तर घेऊ नकोस. पण तिचा जाच कमी करता येतो. त्यासाठी सीबीटी नावाची समुपदेशनाची पद्धत आहे, तिचा उपयोग होतो याला चांगले पुरावे आहेत. डॉक्टरांनी तुला त्याची चिठ्ठी दिली होती. तिचं काय झालं, ते तू सांगितलं नाहीस.

एकाच कानात वाजतंय म्हणून त्यांनी एमआरआय करायला लावला, तेव्हाची गोष्ट आईला मी अजून सांगितलेली नाही. रिपोर्ट स्वच्छ आल्याचं तू एका ओळीच्या मेसेजमध्ये कळवलंस. ती ओळ येईपर्यंत मी अंगणातच होतो. पुन्हा असं काही असेल तर तपासणीच्या आधी सांगत जा.

आता दोन-तीन गोष्टी सांगतो, त्या बापाचं ऐकायचं म्हणून नको, नीट विचार करून ऐक. कधी एका कानाचं ऐकू येणं अचानक कमी झालं, सकाळी उठल्यावर कान भरल्यासारखा वाटला आणि उघडला नाही, तर कार्यक्रम असो नसो, त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायचं. त्यावरचं स्टिरॉइड पहिल्या काही दिवसांतच उपयोगी पडतं. दौरा संपल्यावर बघू, असं करायचं नाही. आणि हॉटेलच्या खोलीत सराव करताना व्हायोलिनच्या ब्रिजवर ती आवाज दाबणारी जाड रबरी म्यूट लाव. बोटांना सराव लागतो, कानाला रोज पूर्ण आवाज लागत नाही.

दुसरं याच्या अगदी उलट आहे. घाबरून दिवसभर प्लग घालून फिरू नकोस. शांत जागेतही कान बंद ठेवले तर शिट्टी जास्त जाणवते, आणि हळूहळू साधे आवाजही बोचायला लागतात. रस्त्यावर, जेवताना, मैत्रिणींशी बोलताना कान उघडे असू देत. रात्रीसुद्धा अगदी शांत अंधारात पडून त्या सुराकडे लक्ष लावून बसू नकोस. पंखा चालू ठेव, किंवा फोनवर पावसाचा आवाज अगदी हळू लाव, शिट्टी बुडून जाईल इतका मोठा नको. झोप लागते ना तुला? आईनं विचारलं तर मी लागते असंच सांगतो.

भाषण झालं, माफ कर. तू वाजवणं सोडावंस असं मी म्हणालो नाही आणि म्हणणारही नाही. कॉलेजात तुम्ही स्मेताना या संगीतकाराचं ते चार वाद्यांचं क्वार्टेट बसवलं होतं, 'माझ्या जीवनातून'. त्याची गोष्ट तूच मला सांगितली होतीस. 1874 साली तो बहिरा झाला आणि 1876 मध्ये ते लिहिलं. शेवटच्या भागात सगळं मजेत चाललेलं असताना एकदम थांबतं, आणि खालच्या वाद्यांच्या थरथरीवर पहिलं व्हायोलिन एक उंच ई धरून ठेवतं. तोच त्याच्या कानातला सूर. त्या संध्याकाळी पहिलं व्हायोलिन तू होतीस. मी तिसऱ्या रांगेत होतो आणि मला फक्त अभिमान वाटत होता. आता तो सूर आठवला की मला नुसतं ऐकत बसवत नाही. तरीही सांगतो, त्यानं बहिरेपणातही लिहिणं सोडलं नाही, आणि तुझं तर ऐकू येणं बहुतेक सगळं जागेवर आहे. जे आहे ते राखायचं, एवढंच आपल्या हातात आहे आणि ते थोडंथोडकं नाही.

म्हणून पुन्हा विचारतो, आणि हे शेवटचं. कंडक्टरांना किंवा निदान मॅनेजरला निघायच्या आधी सांगशील का? मोठं काही सांगू नकोस. ट्रम्पेटच्या पुढून जागा बदलून हवी आहे, ऑडिओग्राम सोबत जोडला आहे. दोन ओळी पुरतात.

आणि ते प्लग. फोमचे तुला जमणार नाहीत, ते वरचे सूर जास्त कापतात, सगळं गुदमरल्यासारखं ऐकू येतं आणि मग माणूस काढून खिशात टाकतो. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचे प्लग खिशातच असतात, हे मी तालमीला आलो तेव्हा पाहिलंय. वादकांसाठी कानाचं माप घेऊन सिलिकॉनचे करतात, आत बारीक चकतीसारखा फिल्टर बसवतात, 9, 15 किंवा 25 डेसिबलचा. तो सगळ्या पट्ट्या जवळपास सारख्याच उतरवतो, म्हणून सुराचा रंग फारसा बदलत नाही. 15 चा घेतलास तर कागदावर 100 चे 85 होतात, म्हणजे पंधरा मिनिटांचे आठ तास. आठवडाभर सगळं विचित्र वाटेल. व्हायोलिन हनुवटीखाली असतं, त्याचा आवाज हाडातूनही आत जातो, आणि कान बंद असला की तो घुमतो. माप कानाच्या दुसऱ्या वळणाच्या पुढंपर्यंत खोल घेतलं तर ते घुमणं कमी होतं. तसं त्यांना स्पष्ट सांग. माप द्यायला जाताना व्हायोलिन बरोबर ने आणि प्लग तयार झाले की तिथंच वाजवून बघ. बसत नसतील तर परत करून घे, संकोच करू नकोस. खर्चाचं मी आईशी बोललो आहे, तिला एवढंच माहीत आहे की वादक असे प्लग वापरतात. बाकीचं तू तिला स्वतः सांग, रविवारी फोन कर, ती वाट बघते.

तुझा,
बाबा