बाबांच्या भुलीबद्दल

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

काल बाबा म्हणाले, "पित्ताच्या खड्याचं दुखणं सोसेन, पण भूल नको. त्यानं किडनी जाते म्हणे." आई, तू रडवेली झालीस आणि माझं बोलणं अर्धंच राहिलं. म्हणून लिहिते. हे बाबांना वाचून दाखव.

बाबा, ही भीती कुणी उगाच उठवलेली नाही. 1960 च्या दशकात मेथॉक्सीफ्ल्युरेन नावाचं भुलीचं औषध होतं. ते खुद्द मूत्रपिंडातही मोडायचं आणि फ्लोराइड सुटायचं. ऑपरेशननंतर माणसाला भरमसाट लघवी व्हायची, कितीही पाणी प्यालं तरी तहान भागायची नाही. काहींची मूत्रपिंडं निकामीच झाली. म्हणून भुलीसाठी ते बंद पडलं.

आम्ही भूल देणारे डॉक्टर आता बहुतेक वेळा सेव्होफ्ल्युरेन देतो. त्याचाही शंभरातला चार-पाच भाग शरीरात मोडतो, पण मुख्यतः यकृतात. बाकीचा वायू श्वासावाटे लगेच बाहेर पडतो. भुलीच्या मशीनमध्ये उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषायला चुना असतो, त्याच्याशी मिसळून त्याचा एक वेगळा पदार्थ होतो. त्यानं उंदरांची मूत्रपिंडं बिघडली होती, माणसांत तसं नुकसान दिसलेलं नाही. तुमचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, 1.6 आहे, थोडा वाढलेला. हे धरूनच मी सांगतेय.

मला धास्ती आहे ती वेगळीच. भुलीत बीपी उतरलं की मूत्रपिंडाकडे रक्त कमी जातं. त्यासाठी तर आम्ही उशाशी उभे राहून पडद्यावरचा आकडा बघत असतो. पण तुमच्या गुडघेदुखीच्या गोळ्या! गणपतीत आले तेव्हा देव्हाऱ्याखालच्या डब्यात दहाचं पाकीट होतं आणि दोनच गोळ्या उरलेल्या. भाताच्या कापणीत तर तुम्ही रोज घेता, तेही दिवसभर उन्हात, पाण्याविना. त्या गोळ्यांनी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आवळला जातो. त्या आजपासून बंद.

ते पाकीट ऑपरेशनला बेळगावला जाताना बरोबर न्या आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हातात द्या. लाजू नका. बीपीची गोळी त्या सकाळी घ्यायची का, पाणी किती वाजेपर्यंत प्यायचं, हेही त्यांनाच विचारा. संमतीचा कागद कन्नडमध्ये असला तर मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नका.

आई, डबा तू रिकामा कर. मी बुधवारी रात्रीच्या गाडीनं निघते, गुरुवारी सकाळी येळ्ळूरला पोचेन.

तुमची लेक