मिल्याला पत्र : तुझं ते 'मोबाइल आहे का' फंक्शन

जळगाव, रविवार

मिल्या भो,

दिवाळीपासून पत्र नाही, शिव्या द्यायच्या त्या भेटल्यावर दे. घरी सगळे ठीक, आईचा गुडघा तसाच. नानांना तुझा नमस्कार सांगितला. ते म्हणाले, आधी उधारी पाठव म्हणा.

आता मुद्दा. इथे दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही. केळीभावाच्या साइटमधलं, समोर फोन आहे की कॉम्प्युटर ते ठरवणारं तुझं 'मोबाइल आहे का' फंक्शन आठवतं? हॉस्टेलच्या गच्चीवर ज्याच्यावरून रात्रभर जुंपली होती, तेच. रावेरच्या अण्णांच्या आयपॅडवर भावाचा आलेख सरकवायला बोट फिरवलं की अख्खं पानच सरकतं. आलेखाला नुसते माउसचे इव्हेंट (हालचालीच्या सूचना) जोडलेले, कारण तुझ्या फंक्शनच्या मते अण्णांकडे मॅक आहे!

2019 च्या आयपॅडओएस 13 पासून सफारी तिथे मुळात डेस्कटॉपचंच पान मागतो आणि युजर एजंटमध्ये, म्हणजे ब्राउझर साइटला स्वतःची ओळख सांगतो त्या स्ट्रिंगमध्ये, 'मॅकिन्टॉश' लिहितो. 'आयपॅड' शब्द शोधत बसलास तर जन्मात सापडायचा नाही. तशी ती स्ट्रिंग म्हणजे लग्नाचा बायोडाटाच: स्वतःचं कमी, नातेवाइकांचंच जास्त. क्रोमसुद्धा सुरुवातीला मोझिला आणि शेवटी सफारी लिहितो.

पळवाट तुला माहीत असेल: ब्राउझरने सांगितलेला प्लॅटफॉर्म 'मॅकइंटेल' आणि मॅक्स-टच-पॉइंट्स (एका वेळी किती बोटं ओळखतो) एकापेक्षा जास्त, म्हणजे आयपॅड. पण लगेच ती ओळ घुसडू नकोस. आलेखाला आयपॅडशी काय घेणंदेणं? माउसडाउन-माउसमूव्ह काढून पॉइंटरडाउन-पॉइंटरमूव्ह लाव, माउस, बोट, पेन सगळं त्यात येतं. सोबत सीएसएसमध्ये (दिसण्या-वागण्याच्या नियमांत) आलेखावर 'टच-अ‍ॅक्शन: पॅन-वाय' हवंच. ते विसरलास तर बोट जरा सरकलं की ब्राउझर स्क्रोलचा ताबा घेतो, 'स्पर्श रद्द' सांगणारा पॉइंटरकॅन्सल येतो आणि आलेख मधेच अडकतो. पॅन-वाय दिलं की उभं सरकवणं ब्राउझरकडे, आडवं आपल्याकडे.

तुझी टॅब्लेट मॉडेलांची यादीही गेली बाराच्या भावात. 2023 पासून अँड्रॉइडवरचा क्रोम कोणताही फोन असो, 'अँड्रॉइड 10; के' एवढंच सांगतो. क्रोमच्या आवृत्तीचाही पहिलाच आकडा खरा, पुढे शून्यं. त्या आकड्यासाठी तू रेगेक्समध्ये (मजकूर शोधायच्या साच्यात) दोनच अंक धरलेस, म्हणून 2022 च्या क्रोम 100 पासून नवा ब्राउझर '10' वाचला जातो आणि वर आपली साइट लोकांना अपडेट करायला सांगते. याला म्हणतात शहाणपण! बदल्यात हीच माहिती सुटी सुटी देणाऱ्या क्लायंट हिंट्स आहेत, पण त्या फक्त एचटीटीपीएसवर, आणि सफारी-फायरफॉक्स त्या पाठवतच नाहीत.

खरं डोकं फिरतं ते सर्व्हर रेंडरिंगमध्ये. सर्व्हर युजर एजंट वाचून एक पान बनवतो, तेच कंपोनंट (पानाचा तुकडा) ब्राउझरात खिडकीची रुंदी मोजून दुसरंच ठरवतं, आणि पानं बांधणारं रिअ‍ॅक्ट हायड्रेशनची, म्हणजे दोन्ही जुळत नसल्याची, एरर फेकतं. वर कॅशने (तयार पानांच्या साठ्याने) डेस्कटॉपचं पान धरलं की पुढच्या सगळ्या फोनांना तेच. कशानुसार वेगळी प्रत ठेवायची ते कॅशला सांगणाऱ्या व्हॅरी हेडरमध्ये युजर एजंट टाकलं तर प्रत्येक वेगळ्या स्ट्रिंगची वेगळी प्रत, म्हणजे कॅश असून नसल्यासारखा. म्हणून एचटीएमएल एकच ठेवू. मांडणी रुंदीच्या मीडिया क्वेरीवर (सीएसएसमधली अट), बटणांचा आकार 'पॉइंटर: कोर्स'वर (बोटासारखा जाड पॉइंटर), माउस वर नेला की उघडणारे होव्हरचे मेनू 'होव्हर: होव्हर' असेल तरच.

एका बाबतीत मात्र तुझंच खरं, आणि हे मी एकदाच लिहितोय. युजर एजंट पार टाकून चालत नाही. अँड्रॉइडच्या वेबव्ह्यूमध्ये (दुसऱ्या अॅपच्या आत उघडणारं वेबपान) गूगलचं लॉगिन अडवलं जातं. तिथे स्ट्रिंगमधलं 'डब्ल्यूव्ही' बघून 'ब्राउझरमध्ये उघडा' असं सांगावंच लागतं. आणि आपल्याकडे आयफोनवरचा क्रोम आतून सफारीचं इंजिन वेबकिटच असतो, स्वतःला 'क्रायओएस' म्हणवतो. त्यामुळे 'क्रोमवर चालतंय' असं कुणी कळवलं की आधी फोन कोणता ते विचारायचं.

फ्लॅटचा ताबा मिळाला का? वहिनींची बदली? छकुली शाळेत रमली ना? सविस्तर कळव.

भरताची वांगी आलीत, बामणोदचीच. पुढच्या शनिवारी ये. येताना तुझा तो जुना अँड्रॉइड टॅब आण. त्याच्या स्ट्रिंगमध्ये 'मोबाइल' शब्दच नसतो, म्हणजे तुझ्या फंक्शनला तोही डेस्कटॉपच वाटणार. आणि सर्व्हरचा पासवर्ड बदललास तो सांग रे, नाहीतर हे सगळं कागदावरच राहील.

तुझा,
बंड्या